छत्तीस रेड्यांची फिर्याद

सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीची काही वर्षे घालवली आहेत, त्यांना ‘निरंक’ या शब्दाचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागत नाही. महिनाअखेरीस वरिष्ठ कचेरीकडे जी विवरणपत्रे रवाना करावयाची असतात, त्यांतील एखादा रकाना, मग तो उपासमारीचा असो, वेठबिगारीचा असो की अंमलदारांविरुद्ध आलेल्या तक्रारींचा असो, या तीन अक्षरांनी भरला की तालुक्यात ती गोष्ट घडलीच नाही असे ठरते, आणि एकदा तसे ठरल्यावर ती घडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर ती गुदरली त्या माणसावर जाऊन पडते. मी स्वतः दोन वर्षे एका तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकाचे टेबल सांभाळले आहे. एकदा एक म्हातारी आपला बैल गावच्या एका वजनदार असामीने ओढून नेल्याची अर्जी घेऊन आली. मी ती आवक नोंदवहीत चढवण्यासाठी टाक उचलला, तोच आमच्या अव्वल कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, “अहो, नोंदवू नका. नोंद घेतली की उत्तर द्यावं लागतं.” ते गृहस्थ दुष्ट नव्हते, घरी जाताना त्यांनी त्या म्हातारीला चहाही पाजला. त्या महिन्याचे विवरणपत्र मात्र निरंक गेले.

त्यानंतर काही वर्षांनी इंग्रजी भाषांतराच्या द्वारे एका डच कादंबरीची गाठ पडली, आणि ती वाचत असताना तो चष्मा व तो उचललेला टाक मला पानोपानी दिसू लागला. १८६० साली ॲम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध झालेली ‘माक्स हावेलार’ ही ती कादंबरी. ‘मुल्तातुली’ या लॅटिन टोपणनावाने, ज्याचा अर्थ ‘मी पुष्कळ सोसले आहे’ असा होतो, ती लिहिणारा एडुआर्ड डौवेस डेकर हा जावा बेटातील डच सरकारचा एक राजीनामा दिलेला अंमलदार होता. राजसत्तेवर टीका करणाऱ्या कादंबऱ्या जगात थोड्या नाहीत. परंतु सत्तेचे खरे अधिष्ठान फर्मानात वा तोफखान्यात नसून जे लिहिले जाते आणि जे लिहायचे टाळले जाते त्यात, म्हणजेच दफ्तरात आहे, ही गोष्ट एका संपूर्ण राष्ट्राच्या वाचकवर्गाला उमजावी इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी कादंबरी निदान एकोणिसाव्या शतकात मला आढळलेली नाही. त्या उमजण्याचा उपयोग पुढे कोणी कसा करून घेतला, हा या हकीकतीचा अधिक विचार करण्याजोगा भाग आहे.

डेकरचा जन्म १८२० चा, एका जहाजाच्या कप्तानाच्या घरातला. अठराव्या वर्षी बापाच्याच जहाजावरून तो पूर्वेकडे निघाला आणि बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, हिशेबतपासणी कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पुढे सुमात्रामध्ये नाताल येथे अंमलदार असताना त्याच्या खजिन्यात तूट निघाली व तो निलंबित झाला. मेनाडो, अंबोन अशा बदल्या होत होत, मध्यंतरी दीर्घ रजेवर युरोपात कर्ज करून, तो १८५६ च्या जानेवारीत पश्चिम जावातील लेबाक या दरिद्री जिल्ह्याचा असिस्टंट रेसिडेंट म्हणून रुजू झाला. संतापी, उधळा, आपल्या बुद्धीचा नको तितका अभिमान असलेला, आणि तरीही दुसऱ्याचे दुःख पाहून खरोखर अस्वस्थ होणारा असा हा माणूस. त्याला संत ठरवण्याची जी प्रवृत्ती त्याच्या भक्तांत दिसते तिला त्याच्या चरित्रात फारसा आधार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

त्या वेळी जावात जी राज्यपद्धती चालू होती तिचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे. १८३० मध्ये योहानेस फान डेन बॉश या गव्हर्नर जनरलने ‘लागवड पद्धती’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था सुरू केली. तिचे सूत्र कागदावर निरुपद्रवी दिसे. गावाने जमीनमहसुलाच्या ऐवजी आपल्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा युरोपच्या बाजारात खपणाऱ्या कॉफी, ऊस, नीळ अशा पिकांसाठी द्यावा, पीक सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारलाच घालावे, आणि बाकीच्या जमिनीत सुखाने भात पिकवावा. प्रत्यक्षात पाचव्या हिश्श्याची मर्यादा कोठेच पाळली गेली नाही. कारण जितके पीक अधिक, तितका टक्का डच अंमलदाराला आणि एतद्देशीय सरदाराला बक्षीस म्हणून मिळे. या पद्धतीच्या जोरावर १८५० नंतरच्या दशकात हॉलंडच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या जावातून येत होता. तिकडे १८४९-५० मध्ये देमाक व ग्रोबोगान या भागांत, जगातल्या सुपीकांत सुपीक म्हणाव्या अशा भूमीत, दुष्काळाने माणसे मेली आणि उरली ती परागंदा झाली. भाताच्या हंगामात ज्यांचे हात निळीच्या वाफ्यात गुंतलेले असतील त्यांच्या खाचरात भात कोठून उगवणार?

राज्यकारभाराची रचना मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. वर गव्हर्नर जनरल, प्रांतावर रेसिडेंट, त्याच्या हाताखाली असिस्टंट रेसिडेंट, आणि या गोऱ्या उतरंडीला समांतर अशी एतद्देशीयांची उतरंड: वंशपरंपरेने मान असलेला रीजंट, ज्याला आपल्याकडील मोठा देशमुख किंवा जहागीरदार म्हणता येईल, व त्याच्या खाली देमांग, म्हणजे जवळजवळ मामलेदारच. डच अंमलदार हा रीजंटचा ‘थोरला भाऊ’ मानला जाई. रयत रीजंटाला भिते, रीजंट डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वारसदारांना भितो, आणि या दुहेरी भयावर मूठभर गोरे लक्षावधींवर राज्य करतात, असा तो हिशेब होता. सरकारने १८५४ च्या शासनविधानात एतद्देशीय रयतेचे जुलमापासून संरक्षण हे गव्हर्नर जनरलचे एक महत्त्वाचे कर्तव्य म्हणून नमूद केले होते, आणि लेबाकला रुजू होताना डेकरने घेतलेल्या शपथेतही ते होते. त्याचा गुन्हा एवढाच की, ही शपथ दाखल्यापुरती आहे हे त्याला कळले नाही. किंवा कळले असूनही त्याने तसे दाखवले नाही.

लेबाकचा वृद्ध रीजंट मोठ्या कुटुंबाचा, कर्जबाजारी आणि पाहुण्यांच्या सरबराईने बेजार झालेला होता. दुसऱ्या एका रीजंटाची स्वारी येणार म्हणून त्याच्या वाड्यापुढील मैदानातले गवत काढायला विनामोल माणसे धरून आणली जात, आणि मेजवानीसाठी, नजराण्यासाठी, कधी नुसत्या रोकडीसाठी रयतेच्या गोठ्यातला रेडा सोडून नेला जाई. कोकणात भातखाचरात रेडा जुंपताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या जनावराची किंमत सांगायला नको. रेडा गेला म्हणजे चिखलणी गेली, चिखलणी गेली म्हणजे वर्ष गेले. डेकरच्या आधीच्या अधिकाऱ्यानेही या प्रकारांची टिपणे केली होती. तो अकस्मात मरण पावला, आणि त्याच्या विधवेला विषप्रयोगाचा संशय होता. तो संशय खरा असल्याचे कधी सिद्ध झाले नाही. परंतु रात्रीच्या अंधारात असिस्टंट रेसिडेंटच्या बंगल्याच्या परसदारी येऊन कुजबुजत फिर्याद सांगणारी आणि दिवसाउजेडी रीजंटासमोर ती नाकारणारी माणसे डेकरला भेटू लागली होती. १८५६ च्या फेब्रुवारीत, रुजू होऊन पुरा दीड महिनाही झाला नसताना, त्याने रेसिडेंटला गोपनीय व तातडीचे पत्र धाडून रीजंटावर अधिकाराच्या दुरुपयोगाचा आरोप ठेवला आणि साक्षीदारांवर दडपण येऊ नये म्हणून चौकशी होईपर्यंत त्याला जिल्ह्याबाहेर हलवावे अशी मागणी केली.

पुढे जे झाले त्यात सरकारी नोकरी केलेल्या माणसाला नवल वाटण्यासारखे काही नाही. रेसिडेंट ब्रेस्ट फान केम्पेन धावत आला. आरोप मागे घ्या, आपण आपसांत मिटवू, असे त्याने समजावले. डेकरने नकार दिला. प्रकरण गव्हर्नर जनरल डौमेर फान ट्विस्टकडे गेले. हा मनुष्य उदारमतवादी म्हणून नावाजलेला आणि वैयक्तिक आचरणात सभ्य होता; त्याने डेकरला ठपका देऊन त्याची न्गावीला बदली केली. मार्चअखेरीस डेकरने राजीनामा दिला. नंतर सरकारने लेबाकची चौकशी केलीच, आणि तीत गैरप्रकार आढळून काही कनिष्ठ एतद्देशीय अंमलदार बडतर्फ झाले. रीजंट मात्र जागेवर राहिला. आपल्याकडे १८८८ मध्ये पुण्यास गाजलेल्या क्रॉफर्ड प्रकरणात गोरा कमिशनर लाचेच्या आरोपातून सुटला, आणि अभयवचनावर विसंबून लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांच्याच नोकऱ्या धोक्यात आल्या, ज्यांच्यासाठी टिळकांना झगडावे लागले, ते या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

१८५९ च्या शरद ऋतूत ब्रुसेल्समधील एका हलक्या दर्जाच्या खानावळीच्या खोलीत, थंडीने काकडत, काही आठवड्यांत डेकरने कादंबरी लिहून हातावेगळी केली. आणि मग त्याने जे केले ते त्याच्या भक्तांना सांगायला आवडत नाही. ग्रंथ प्रसिद्ध करण्याऐवजी त्याने सरकारशी सौदा करण्याची तयारी दाखवली: जावात रेसिडेंटची जागा, तुटलेल्या नोकरीची वर्षे जमेस धरणे, एक मानाचे पदक, आणि कर्जफेडीला रक्कम. वसाहतमंत्र्याने वेस्ट इंडीजमध्ये काही जागा देऊ केली. ती त्याला पसंत पडली नाही, आणि ग्रंथ छापला गेला. हस्तलिखित ज्याच्या हाती सोपवले तो याकोब फान लेनेप हा नामांकित लेखक व वकील पुराणमतवादी पक्षाचा. त्याने ग्रंथस्वामित्वाचे हक्क आपल्या नावे करून घेतले, गावांची नावे गाळून तेथे टिंबे घातली, सालांचे आकडे वगळले, आणि पुस्तक ज्या वर्गाच्या हाती पडू नये असे त्याला वाटत होते त्या वर्गाच्या आवाक्याबाहेर त्याची किंमत ठेवली. ज्या ग्रंथाचे सारे बळ नाव-गाव-तारीख यांत होते त्यातून नाव, गाव आणि तारीख काढून टाकण्याचा हा उद्योग! हक्क परत मिळवण्यासाठी केलेला दावा डेकर हरला. नावे भरलेली आवृत्ती निघायला १८७५ उजाडावे लागले.

कादंबरीचा घाट तत्कालीन वाचकाला चमत्कारिक वाटला असेल. तिचा प्रारंभ ड्रोगस्टॉपल नावाचा ॲम्स्टरडॅमचा एक कॉफीदलाल करतो. हा चोख व्यवहाराचा, चर्चला नियमित जाणारा, काव्य म्हणजे थोतांड असे मानणारा मनुष्य आपला धंदा आणि पत्ता सांगून कथेत शिरतो. त्याला जुना शाळासोबती भेटतो, ज्याच्या अंगात थंडीतही कोट नाही, नुसती शाल आहे. आणि त्याच्याकडून कागदांचे एक गाठोडे दलालाच्या गळ्यात पडते. त्यात कॉफीविषयी काही उपयुक्त मजकूर असेल या आशेने तो आपल्या पेढीवरील एका जर्मन तरुणाला त्याचे पुस्तक करायला सांगतो, आणि तो तरुण हावेलारची, म्हणजे डेकरने स्वतःवरूनच बेतलेल्या असिस्टंट रेसिडेंटची, करुण कथा लिहू लागला की मध्येच स्वतः लेखणी हिसकावून तक्रार करतो: यात कॉफी कोठे आहे? जावातील लोकांना श्रमाच्या मार्गाने परमेश्वराकडे न्यावे, असे त्याचा पाद्री प्रवचनात सांगतो आणि ते ऐकून दलालाचा आत्मा तृप्त होतो. लेबाकमध्ये कॉफी फारशी पिकतच नव्हती, हा या विनोदातला अधिकच बोचणारा भाग.

माझ्या मते या दलालाच्या योजनेतच मुल्तातुलीची खरी प्रतिभा आहे. जुलमी सुभेदार रंगवणे सोपे. वाचक त्याचा द्वेष करून मोकळा होतो. ड्रोगस्टॉपलचा द्वेष करायला गेलेल्या डच वाचकाला मध्येच हातातला कॉफीचा पेला दिसतो. ज्याने कोणाला चाबूक मारला नाही, जावाचा किनाराही पाहिला नाही, अहवाल वाचण्याचे कष्टही ज्याने घेतले नाहीत, केवळ अहवाल समाधानकारक आहेत यावर ज्याने विश्वास ठेवला, तो राज्यसत्तेचा भागीदार आहे की नाही, असा प्रश्न एका सुखवस्तू राष्ट्राला त्याच्याच बोलीत, त्याच्याच हिशेबी भाषेत विचारला गेला.

आणि अहवालांविषयी तर लेखक स्वतःच्या अनुभवाने बोलतो. हिशेबतपासणीच्या कचेरीत घडलेला हा कारकून दाखवून देतो की, प्रत्येक अधिकारी आपल्या प्रांतात स्वस्थता व भरभराट असल्याचे कळवतो, कारण अस्वस्थता कळवणारा अधिकारीच वरिष्ठांच्या लेखी अस्वस्थतेचे कारण ठरतो. आणि निरनिराळ्या जिल्ह्यांच्या अहवालांतील तांदळाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर जावात आहे त्याहून अधिक तांदूळ असल्याचे सिद्ध होईल, अशी तो थट्टा करतो. आपल्याकडे दुष्काळ आभाळातून पडत नसे, आणेवारीच्या तक्त्यातून पडे, पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर राहिली की जळालेले शिवार सरकारदरबारी हिरवे असे, हे ज्या शेतकऱ्याने भोगले आहे त्याला या थट्टेतला विखार भाषांतर न करताही समजेल. हावेलारने रेसिडेंटला लिहिलेली पत्रे तर कादंबरीत जशीच्या तशी, सरकारी मायन्यासकट येतात. आणि कंटाळवाण्या कचेरी भाषेतला तो पत्रव्यवहार वाचताना अंगावर काटा उभा राहतो, याचे कारण पत्र लिहिणाऱ्याखेरीज इतर सर्वांना उत्तर काय येणार हे ठाऊक असते.

मग येतात ते रेडे. मुल्तातुली सांगतो की, लेबाकच्या पाच तालुक्यांपैकी एकट्या पारांग-कुजांग तालुक्यात, एका महिन्यात, बत्तीस माणसांचे छत्तीस रेडे रीजंटाच्या उपयोगासाठी नेले गेले; आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करून म्हणतो की, बत्तीस ही ज्यांचे रेडे गेले त्यांची संख्या नसून ज्यांना फिर्याद करण्याचे धैर्य झाले आणि ज्यांची फिर्याद तपासाअंती खरी ठरली त्यांची संख्या आहे. या एका दुरुस्तीत सरकारी आकड्याचे सारे मर्म सामावलेले आहे. परंतु आकड्याने डोळ्यांत पाणी येत नाही हेही त्या हिशेबनिसाला माहीत होते, आणि म्हणून त्याने त्या यादीशेजारी सैजा व त्याची वाग्दत्त वधू आदिंदा यांची कथा ठेवली. सैजाच्या बापाचा रेडा जातो, दुसरा घेण्यासाठी तो वाडवडिलांची कट्यार विकतो, तोही जातो, मग मच्छरदाणीचे चांदीचे आकडे विकून तिसरा येतो. हा तिसरा रेडा लहानग्या सैजाला वाघापासून वाचवतो, आणि अखेर तोही ओढून नेला जाऊन कापला जातो. सारा थकलेला बाप परवान्याशिवाय गाव सोडून पळतो, फटके खातो, तुरुंगात मरतो. तीन वर्षे बटाव्हियात चाकरी करून तीन रेड्यांइतके पैसे गाठीला बांधून सैजा परत येतो तेव्हा आदिंदाचे कुटुंबही रेड्यापायीच परागंदा झालेले असते. सुमात्रातील लाम्पुंगच्या बंडखोरांत तिचे प्रेत त्याला सापडते, आणि तो डच शिपायांच्या संगिनींवर धावून जातो. बटाव्हियात त्या विजयाबद्दल देवाचे आभार मानले जातात. ही दोन माणसे आपण कल्पिली आहेत, परंतु एकाच्या बाबतीत जे कल्पित ते अनेकांच्या बाबतीत सत्य आहे, असे लेखक कथेच्या शेवटी उघड मान्य करतो. माझ्या पाहण्यात कादंबरीविषयी याहून प्रामाणिक कबुली थोड्याच लेखकांनी दिलेली आहे.

अखेरीस तो जर्मन तरुण व तो दलाल या दोघांनाही बाजूला सारून मुल्तातुली स्वतः रंगभूमीवर येतो आणि राजा तिसऱ्या विल्यमला विचारतो की, तीन कोटींहून अधिक प्रजेला आपल्या नावाने छळले जावे ही आपली इच्छा आहे काय? आपले म्हणणे ऐकले नाही तर हाच ग्रंथ तिकडच्या भाषांत उतरवीन, तलवारींना धार लावणारी गाणी रचीन, अशी धमकीही तो देतो.

परिणाम झाला, आणि तत्काळ झाला. बटाव्हियात पूर्वी पाद्री असलेल्या फान हूवेल या सभासदाने त्याच वर्षी डच लोकसभेत सांगितले की, या पुस्तकाने देशाच्या अंगावर एक शहारा उठला आहे. त्यापूर्वी वसाहतींचा प्रश्न म्हणजे शिलकेचा प्रश्न होता. दरसाल जावाहून किती आले आणि त्यातून कोणते कर्ज फिटले एवढेच सभागृह पाहत असे. आता त्या शिलकेला रेड्याची आणि आदिंदाची आठवण चिकटली. तरी या शहाऱ्याचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. गुलामगिरी नष्ट करण्याचे पुण्य हॉलंडने १८६३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पदरी पाडून घेतले तेव्हा गुलामांच्या मालकांना दरडोई नुकसानभरपाई दिली गेली, आणि तो पैसाही जावाच्या शिलकेतलाच होता. सरकारी मक्तेदारीविरुद्ध ओरडणाऱ्या उदारमतवाद्यांनी ‘माक्स हावेलार’ हाती धरले, परंतु त्यांना हवे होते ते खासगी भांडवलाला रान मोकळे. १८७० च्या कायद्याने ते मिळाले, मळेवाले आले, आणि सक्तीची कॉफी तर विसावे शतक उजाडेपर्यंत चालूच राहिली. मुल्तातुलीने या उदारमतवाद्यांवर कोरडे ओढले. पण ग्रंथ एकदा बाजारात गेला की तो कोणी कशासाठी वापरावा हे लेखकाच्या हाती राहत नाही.

याहून विलक्षण योगायोग असा की, १८६१ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर अवघ्या एका वर्षाने, मनी नावाच्या कलकत्त्याच्या एका इंग्रज बॅरिस्टरने लंडनमध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापून, १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रजांनी हिंदुस्थानात वसाहत कशी चालवावी हे जावाकडून शिकावे, असा सल्ला दिला. जी व्यवस्था डेकरने आतून पाहिली होती तीच मनीने पाहुण्याच्या खुर्चीतून पाहिली, आणि त्याला सर्वत्र सुबत्ता व समाधान दिसले. तो ग्रंथ पुढे बेल्जियमचा राजा झालेल्या लिओपोल्डने आस्थेने वाचला, आणि त्याच्या जुलमी काँगो वसाहतीत त्याचे काय फळ आले ते सर्वश्रुत आहे.

आता मुल्तातुलीच्या मर्यादेविषयी. डच राज्य जावातून जावे असे त्याने कधी म्हटले नाही. त्याचे म्हणणे इतकेच की राज्य आपल्याच कायद्याप्रमाणे चालावे. रयतेला लुबाडणारा म्हणून तो रीजंटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि गोऱ्या सरकारवर ठपका ठेवतो तो दुर्लक्षाचा. रीजंटाला वेठ व भेट देणे हा तेथील जुन्या रिवाजाचा भाग होता, उतावळ्या डेकरला जुलूम आणि रिवाज यांतली सीमा कळली नाही, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला आहे व त्यात थोडे तथ्यही आहे. थोडेच, कारण रिवाजाने दिलेल्या भेटीची फिर्याद कोणी मध्यरात्री परसदारी येऊन करीत नाही. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही मांडणी याच्याशी जुळती आहे: ऐषआरामी गोरा अंमलदार, त्याच्या आडून रयतेला नागवणारा एतद्देशीय सरकारी कामगार, आणि वर बसलेल्या सरकारला हे कळले तर ते काही करील ही आशा. त्या काळच्या टीकाकाराला न्याय मागायला राजसिंहासनाखेरीज दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्या आशेला आपण आज भाबडी म्हणू नये. पण तिचा हवा तसा अर्थ लावता येत होता हे खरे. १९०१ मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या भाषणाने हॉलंडने जावाप्रती आपले नैतिक कर्तव्य असल्याचे जाहीर केले, आणि ‘माक्स हावेलार’ वाचून भारावलेली तरुण पोरे शाळा, कालवे व पतपेढ्या घेऊन जावात उतरली. राज्य अधिक दयाळू झाले आणि त्याबरोबर अधिक खोलवरही गेले. पूर्वी जेथे फक्त वसुलीचा शिपाई पोचे तेथे आता तपासनीस पोचू लागला. कादंबरीने सत्तेविषयी उत्पन्न केलेली लाज सत्तेने आपल्या विस्ताराला कारण म्हणून वापरली, असा माझा निष्कर्ष आहे, आणि या ग्रंथाच्या यशाचा विचार करताना तो टाळून पुढे जाता येत नाही.

ज्यांच्यासाठी फिर्याद केली होती त्यांनी मात्र ती निराळ्या रीतीने वाचली. डेकरच्या भावाचा नातू एर्नेस्ट डौवेस डेकर याने १९१२ मध्ये ‘इंडिश पार्टी’ स्थापन करून स्वातंत्र्याची मागणी उघड केली. त्याचा सहकारी सुवार्दी सूर्यनिंग्रात याने पुढच्याच वर्षी, नेपोलियनच्या जोखडातून सुटल्याचा शतकोत्सव डचांनी गुलाम जावात वर्गणी गोळा करून साजरा करावा यावर, ‘मी जर डच असतो’ असा एक लेख लिहिला. हा उपरोध ड्रोगस्टॉपलच्या जातीचाच, फक्त लेखणी आता जावाच्या हातात होती. सरकारने दोघांनाही हद्दपार केले. राजाने आपल्या कायद्याप्रमाणे वागावे या वाक्यापुढचे वाक्य, म्हणजे राजा हवा कशाला, हे मुल्तातुलीला लिहिता आले नाही; त्याच्या जावातील वाचकांनी ते लिहिले. स्वतंत्र इंडोनेशियात सुहार्तोच्या कारकिर्दीत बुरू बेटावर कैद भोगलेला कादंबरीकार प्रमुद्या अनंता तुर याने १९९९ मध्ये या ग्रंथाने वसाहतवादाचा प्राण घेतला असे ठाम मत दिले. हा निर्णय मला अतिशयोक्त वाटतो. परंतु ज्याच्या स्वतःच्या कादंबऱ्यांवर स्वतंत्र देशाच्या सरकारने बंदी घातली होती त्याच्याशी या विषयावर वाद घालण्याचा अधिकार मला नाही. त्याच सरकारने ‘माक्स हावेलार’वर १९७६ मध्ये निघालेला चित्रपटही कित्येक वर्षे अडवून धरला होता. गोरे गेले तरी रीजंट, देमांग आणि महिनाअखेरीचा अहवाल हे मागे राहिले होते.

डेकर १८८७ मध्ये जर्मनीत वारला. जावा सोडल्यानंतर त्याने ते पुन्हा पाहिले नाही. लेबाकचे मुख्य ठाणे रांकासबितुंग येथे २०१८ मध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडण्यात आले. आवारात पुस्तक वाचत बसलेला मुल्तातुली आहे, त्याच्याजवळ सैजा आणि आदिंदा आहेत. ज्या इमारतीत ते संग्रहालय आहे, ती पूर्वी तेथल्या वेदानाची, आपल्या भाषेत मामलेदाराची, कचेरी होती.